मनीचं ऑपरेशन आणि आपला औषधांचा डबा

पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या खाटेपाशी सकाळच्या राउंडला गेलं, की आम्ही डॉक्टर साधारण चारच गोष्टी विचारतो. दुखतंय का? काही खाल्लंत का? लघवी झाली का, गॅस सरला का? टाक्यांना हात तर लावला नाही ना? पेशंट उत्तरं देतो. तो दमलेला असेल तर त्याची आई किंवा बायको देते. मांजरीला यातलं काहीच विचारता येत नाही. त्यातून दुखणं लपवणं हा मांजरीचा स्वभावच. रानात जो प्राणी अशक्त दिसतो तो दुसऱ्याची शिकार होतो, त्यामुळे लहान आकाराच्या प्राण्यांना आजार चेहऱ्यावर न दाखवण्याची सवय असते. म्हणून नसबंदीचं ऑपरेशन करून मांजर घरी आणली, की हे चारही प्रश्न आपल्याला डोळ्यांनी विचारावे लागतात आणि उत्तरंही डोळ्यांनीच वाचावी लागतात.

मी सरकारी रुग्णालयातली, माणसांची डॉक्टर. मांजरीला कोणतं औषध द्यायचं हे पशुवैद्यकानं ठरवायचं, तो माझा प्रांत नाही. तरीही आज हा विषय घेतला, कारण एक प्रश्न माणसांच्या डॉक्टरांना हमखास विचारला जातो. ‘मांजरीचं ऑपरेशन झालंय, रात्री दुखलं तर आपली तापाची गोळी किती द्यायची? अर्धी की पाव?’ त्याचं उत्तर सुरुवातीलाच देते : शून्य. पाव नाही, चिमूटभरसुद्धा नाही. असं का, ते पुढं सविस्तर पाहू. वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगाचा विषय सुरू होतो तेव्हा पहिलं वाक्य शिकवतात, की मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. मांजरीच्या बाबतीत तर हे वाक्य दसपटीनं खरं आहे.

आत नेमकं काय झालेलं असतं?

आपण सहज ‘छोटंसं ऑपरेशन’ म्हणतो. बोक्याच्या बाबतीत ते खरंही आहे, कारण त्याचं पोट उघडावं लागत नाही. मांजरीच्या ऑपरेशनमध्ये मात्र पूर्ण भूल देऊन पोट उघडलं जातं आणि दोन्ही अंडाशयं, बहुतेक वेळा गर्भाशयासह, काढली जातात. रक्तवाहिन्या बांधल्या जातात. मग आधी पोटाचा स्नायूंचा थर, नंतर त्वचेखालचा थर आणि शेवटी त्वचा, असं शिवलं जातं. बाहेरून दिसणारा छेद दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. तो पोटाच्या मधोमध असतो किंवा कुशीवर. कुशीवर केस काढलेला चौकोन दिसला तर घाबरू नका, ती एक रूढ पद्धत आहे.

बाईचं गर्भाशय काढलं तर आपण तिला महिना-दीड महिना जड उचलू देत नाही. मांजर मात्र दुसऱ्या दिवशी ओट्यावर आणि तिसऱ्या दिवशी कपाटावर चढायला बघते. त्वचेचे टाके नीट दिसत असले, तरी आतला स्नायूंचा थर अजून फक्त दोऱ्याच्या भरवशावर असतो. पुढचे दहा ते चौदा दिवस आपली सारी धडपड त्या आतल्या शिवणीसाठी असते.

दवाखान्यातून निघताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. दुखण्याचं कोणतं इंजेक्शन दिलं आणि त्याचा असर कधीपर्यंत राहील? टाके विरघळणारे आहेत की काढायचे? पुढं कोणतं औषध, किती थेंब, किती दिवस? आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? आमच्याकडे डिस्चार्ज कार्डावर हे सगळं लिहिलेलं असतं. मांजरीच्या वेळी ते आपण मागून घ्यायचं.

पहिली रात्र

भूल उतरत असलेली मांजर पाहून घरातली मुलं रडतात. ती झिंगल्यासारखी चालते, मागचे पाय ओढते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, नाकाच्या बाजूनं डोळ्यावर पांढरट पडदा आल्यासारखा वाटतो. भूल देताना अनेकदा केटामाइन वापरतात. त्यात डोळे उघडे राहतात, पण मांजर पूर्ण शुद्धीत नसते. हे सगळं बहुतेक वेळा काही तासांत ओसरतं, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतं.

या काळात तिला स्कूटरवर मांडीत घेऊन आणू नका. झाकणाच्या टोपलीतून किंवा पिंजऱ्यातून, मान सरळ आणि नाक मोकळं राहील अशी आणा. घरी एक लहान, शांत, मंद उजेडाची खोली तिच्यासाठी ठेवा. गादी जमिनीवरच घाला. पलंग, खुर्ची, खिडकीची कड यातलं काहीही तिच्या आवाक्यात नको, कारण उडी मारण्याची आठवण भुलेआधीची असते आणि तोल मात्र भुलेनंतरचा.

भुलेत शरीर थंड पडतं, म्हणून ऊब हवी. पण गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका. अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याला चटका कळतो, पण बाजूला सरकता येत नाही. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून गादीच्या एका कडेला ठेवा. नकोशी झाली तर तिला दूर होता आलं पाहिजे. मांजरीचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. त्यामुळे हाताला गरम लागली म्हणजे ताप आला असं नाही.

घरात दुसरं मांजर असेल तर एक-दोन दिवस दोघांना वेगळं ठेवा. दवाखान्याचा वास घेऊन आलेली आपली सखी दुसऱ्याला ओळखूच येत नाही आणि ते तिच्या अंगावर धावून जातं.

पूर्ण जाग येऊन ती डोकं सावरून बसू लागली, की आधी थोडं पाणी आणि मग नेहमीच्या खाण्याचा पाव ते अर्धा भाग द्या. अर्धवट शुद्धीत तोंडात चमच्यानं काही घालू नका. ते पोटात न जाता श्वासनलिकेत जाऊ शकतं. लहान पिल्लू असेल तर मात्र जाग आल्यावर खाणं लांबवू नका, त्याची साखर लवकर उतरते.

दुखतंय का?

मांजर गुरगुरते म्हणजे ती सुखात आहे, असा आपला समज. तो नेहमी खरा नसतो. दुखत असताना आणि घाबरलेली असतानाही मांजरी गुरगुरतात.

मग ओळखायचं कसं? कॅनडातल्या माँट्रिअल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजरीच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी पाहतात : कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. निवांत मांजरीचे कान पुढं ताठ, डोळे उघडे, तोंड गोलसर, मिशा सैल आणि खाली झुकलेल्या, डोकं खांद्यांच्या वर. दुखणाऱ्या मांजरीचे कान बाजूला वळून एकमेकांपासून लांब जातात, डोळे आक्रसतात, तोंड ताणून लांबट होतं, मिशा ताठ आणि पुढं येतात, डोकं खांद्याच्या रेषेखाली जातं. १० पैकी ४ किंवा अधिक गुण झाले तर वेदनाशामक देण्याचा विचार करावा, असं ही पट्टी सांगते.

घरी आपण गुण मोजत बसायची गरज नाही. ऑपरेशनच्या आधी, मांजर खुशीत असताना, तिच्या चेहऱ्याचा समोरून एक फोटो काढून ठेवा. ऑपरेशननंतर ती जागी पण शांत असताना तो फोटो शेजारी धरून पाहा. फरक नवख्या माणसालाही दिसतो. याशिवाय पाठीला पोक काढून बसणं, कोपऱ्यात तोंड खुपसणं, पोटाजवळ हात नेला की फिस्कारणं, अंग चाटून साफ करणं थांबवणं, ही दुखण्याचीच भाषा आहे. अशा वेळी दवाखान्यात फोन करायचा, औषधांचा डबा उघडायचा नाही.

डबा बंद का ठेवायचा?

आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो तेव्हा तिचा बराचसा भाग यकृतात एका साखरेसारख्या रेणूला, ग्लुक्युरोनिक आम्लाला, जोडला जातो आणि लघवीवाटे निघून जातो. ही जोडणी करणारं जे विकर आपल्याकडे आहे, त्याचा जनुक मांजरीत मोडलेला आहे. तो शरीरात आहे, पण चालत नाही. हा बिघाड केवळ घरच्या मांजरीत नाही, तिच्या रानटी भाईबंदांतही सापडला आहे. निव्वळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींमधली विषं पचवण्याची फारशी गरज पडली नाही, म्हणून हे हत्यार गंजून गेलं असावं, असं शास्त्रज्ञ मानतात.

मग ती गोळी जाते कुठं? मुख्य वाट बंद असल्यानं ती आडवाटेनं जाते आणि त्या वाटेवर विषारी पदार्थ तयार होतात. मांजरीचं रक्त ते सोसू शकत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनवर गंधकयुक्त अशा काही नाजूक जागा असतात, जिथं असे पदार्थ घाव घालतात. माणसाच्या हिमोग्लोबिनवर अशा सहज घाव बसणाऱ्या जागा दोन, मांजरीच्या आठ. घाव बसला की हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. रक्त चॉकलेटी होतं, हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसतात, श्वास जोरात चालतो, तोंड आणि पंजे सुजतात, लघवी गडद होते. गोळी पोटात गेल्यावर काही तासांतच हे दिसू लागतं.

आता मात्रेचा हिशेब करा. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ६० किलोच्या माणसाला किलोमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम पडते. तीच ३ किलोच्या मांजरीला किलोमागे १६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पडते. पाव गोळी दिली तरी ४० च्या वर. आणि मांजरीत किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. ‘थोडीशीच दिली’ याला इथं अर्थ उरत नाही.

चुकून दिली गेलीच असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. गोळीचं पाकीट हातात घ्या आणि दवाखाना गाठा. यावर उतारा आहे. पॅरासिटामॉल जास्त घेतलेल्या माणसांना आम्ही जे एन-ॲसिटिलसिस्टीन देतो, तेच मांजरीलाही देतात. पण ते जितकं लवकर, तितका उपयोग.

दुसऱ्या वेदनाशामकांचीही हीच कथा. ॲस्पिरिन माणसाच्या शरीरातून काही तासांत ओसरतं, मांजरीच्या शरीरातून त्याची निम्मी मात्रा जायलाच दीड दिवसाहून अधिक लागतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. एका प्राण्याचं औषध दुसऱ्याचं विष कसं ठरतं, हे आपल्या देशानं गिधाडांच्या रूपात पाहिलं आहे. गाई-म्हशींना दिलेलं डायक्लोफिनॅक त्यांच्या मढ्यातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि आभाळातून गिधाडं नाहीशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

गिधाडांना सुरक्षित ठरलेलं मेलॉक्सिकॅम पशुवैद्यक मांजरीलाही देतात. म्हणून ‘तेच औषध आमच्या गुडघेदुखीच्या पाकिटात आहे’ असा शोध कुणी लावू नये. ३ किलोच्या मांजरीला ऑपरेशनच्या वेळी मिळणारी मात्रा १ मिलिग्रॅमच्याही आत असते. आपली गोळी साडेसात किंवा १५ मिलिग्रॅमची. आणि दवाखान्यात एकदा मिळालेलं हे औषध न विचारता घरी पुन्हा दिलं, तर मूत्रपिंडांवर घाला पडतो.

प्रतिजैविकांबद्दलही तेच. स्वच्छ वातावरणात झालेल्या या ऑपरेशननंतर ती प्रत्येक वेळी लागतातच असं नाही. ती लागतील की नाही हे ऑपरेशन करणाऱ्याला ठाऊक असतं. मागच्या खोकल्यातल्या उरलेल्या कॅप्सूल मांजरीसाठी नसतात, आणि खरं तर आपल्यासाठीही नसतात.

हळद, दूध आणि सूप

आजारी माणसाला आपण जे प्रेमानं देतो, त्यातलं बरंच मांजरीला चालत नाही. जखमेवर हळद दाबू नका, खोबरेल तेल लावू नका. पावडर टाक्यांत अडकून जखम चिघळते आणि लावलेलं प्रत्येक थेंब-कण मांजर चाटून पोटात घेते. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं आणि फरशी पुसायचं फिनेल फिनॉलच्या कुळातलं. त्यांचाही निचरा करायला तेच मोडकं विकर लागतं. ज्या खोलीत मांजर ठेवणार ती आधी साध्या साबणाच्या पाण्यानं पुसा आणि वाळू द्या. हायड्रोजन पेरॉक्साइडनं फेस येतो म्हणून जखम साफ झाली असं वाटतं, पण त्यात नवी येणारी पेशीसुद्धा जळते. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर जखमेला काहीही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. हे ऐकायला फार सोपं आहे, पाळायला अवघड.

दूध म्हणजे मांजरीचं अमृत, ही गोष्टीतली समजूत. मोठ्या झालेल्या अनेक मांजरींना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. ताजे टाके असलेल्या पोटाला ते परवडणारं नाही. चिकनचं सूप देताना त्यात कांदा-लसूण नको, पावडरीच्या रूपातसुद्धा नको. त्यातले गंधकयुक्त पदार्थ त्याच आठ नाजूक जागांवर घाव घालतात आणि तांबड्या पेशी फुटतात. साधं पाण्यात शिजवलेलं, मीठ-मसाला नसलेलं चिकन, किंवा तिचं रोजचंच खाणं, हे सर्वांत चांगलं.

भूक बहुतेकींना दुसऱ्या दिवशी लागते. चोवीस तास उलटूनही तिनं काहीच खाल्लं नाही तर फोन करा. मांजर, विशेषतः जाड मांजर, काही दिवस उपाशी राहिली तर अंगातली चरबी यकृतात भरते आणि कावीळ होते. म्हणजे उपवास माणसाला झेपतो, मांजरीला नाही.

लघवी पहिल्या दिवसात व्हायला हवी. शीची घाई नको. ऑपरेशनआधी पोट रिकामं असतं, त्यामुळे दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालतं. ट्रेमध्ये नेहमीच्या वाळूऐवजी काही दिवस वर्तमानपत्राचे कपटे घाला. वाळूचे कण टाक्यांत जातात, कपटे जात नाहीत. ट्रे रोज साफ करा. घरात गर्भवती असेल तर ते काम दुसऱ्यानं करावं, कारण मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो.

जीभ, टाके आणि झबलं

मांजरीची जीभ हाताला खरखरीत लागते, कारण तिच्यावर मागं वळलेले शेकडो बारीक काटे असतात, आपल्या नखाच्याच द्रव्याचे. ही जीभ म्हणजे तिचा कंगवा. तो कंगवा टाक्यांवरून फिरला, की दोरा निघतो आणि जखम उकलते. ‘चाटल्यानं जखम लवकर भरते’ हे ऐकायला बरं, पण त्या जिभेवर तोंडातले जंतूही असतात.

म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालतात. पहिला दिवस मांजर उलटी चालते, भिंतीला आपटते, रुसून बसते. आपल्याला दया येते आणि आपण ‘रात्रीपुरती’ काढतो. टाके उकलायला ती एक रात्र पुरते. खाताना आपण समोर बसून कॉलर काढावी, खाऊन झालं की पुन्हा घालावी. उथळ ताटली ठेवली तर काढावीही लागत नाही.

कॉलर मुळीच सहन न करणाऱ्या मांजरीसाठी अंगरखा शिवता येतो. बाजारात तयार मिळतो, नाहीतर जुन्या सुती टी-शर्टची बाही घ्या. तिला चार पायांसाठी चार भोकं पाडा. लहान बाळाच्या झबल्यासारखा तो अंगात बसला पाहिजे : दोन बोटं आत जातील इतका सैल आणि जखम झाकेल इतका लांब. मागून लघवीला अडत नाही ना, हे पाहा. ओला झाला तर लगेच बदला. आणि दिवसातून दोनदा काढून खालची जखम पाहायचीच, कारण झाकलेली जखम विसरली जाते.

जखमेचे दोन आठवडे

पहिले चार-पाच दिवस जखमेला स्वतःची ताकद जवळजवळ नसते. शरीर तिथं पांढऱ्या पेशी पाठवून साफसफाई करत असतं. थोडी लाली, थोडी सूज त्याचीच. मग कोलॅजेनचे धागे विणले जाऊ लागतात. दोन आठवड्यांनी टाके निघतात, तेव्हाही त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या साधारण दहाव्या भागाइतकीच असते. मांजरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट : तिची जखम कुत्र्यापेक्षा हळू भरते. दोघांच्या शिवलेल्या जखमा सातव्या दिवशी तपासल्या, तेव्हा मांजरीच्या जखमेची ताकद कुत्र्याच्या निम्मीच भरली होती. त्यामुळे ‘शेजारचा टॉमी पाचव्या दिवशी धावत होता’ हे उदाहरण इथं गैरलागू.

रोज सकाळ-संध्याकाळ, त्याच जागी, त्याच उजेडात जखमेचा फोटो काढा. कालच्या शेजारी आजचा ठेवला की सूज वाढतेय की उतरतेय, हे डॉक्टरांनाही फोनवर कळतं. पहिल्या दिवशी एखादा लालसर थेंब, दोन-तीन दिवस किंचित सूज, हे चालतं. टाक्याखाली वाटाण्याएवढी टणक गाठ लागली, ती दुखत नसेल आणि वाढत नसेल, तर बऱ्याचदा ती आतल्या दोऱ्यामुळे असते आणि काही आठवड्यांत विरते. फोटो दाखवून खात्री करून घ्या.

या दिवसांत अंघोळ नाही, बाहेर भटकणं नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. ओल्या जखमेवर माशी बसते, अंडी घालते आणि दोन दिवसांत अळ्या दिसतात. माणसांच्या दुर्लक्षित जखमांत आम्ही हे पाहतो, जनावरांतही तेच होतं. शिवाय ऑपरेशननंतर काही दिवस तिच्या अंगाच्या वासानं बोके मागं लागू शकतात.

लगेच दवाखाना गाठा

पुढीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका :

- हिरड्या पांढऱ्या, निळसर, तपकिरी किंवा पिवळ्या दिसणं. हिरडी बोटानं दाबून सोडली की गुलाबी रंग दोन सेकंदांत परतायला हवा. त्यापेक्षा उशीर लागणं आणि सोबत अंग गार पडणं, गळून जाणं, हे पोटात रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं.
- जखमेतून सतत रक्त किंवा पाणी येणं, पू, दुर्गंधी, टाके उकलणं, आतलं काही बाहेर डोकावणं. स्वच्छ ओला कपडा हलकेच ठेवून निघा. बाहेर आलेलं आत ढकलू नका.
- तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत जाणं.
- शांत झोपेत मिनिटाला तीसच्या वर श्वास, किंवा तोंड उघडून श्वास घेणं.
- पुन्हा पुन्हा उलट्या, चोवीस तासांत लघवी नाही, किंवा खाणं नाही.
- दुसरा दिवस उलटूनही झिंगल्यासारखं वागणं.

तुम्हाला बोचकारलं तर?

हा माझ्या प्रांतातला भाग. घाबरलेली, अर्धवट शुद्धीतली मांजर घरच्या माणसालाही चावते. तिचे दात सुईसारखे. वरून बारीक भोक दिसतं, पण जंतू खोल जातात आणि चोवीस तासांच्या आत हात सुजून ठणकू शकतो. बोटाच्या सांध्याजवळचा चावा तर कधीच किरकोळ समजू नये.

चावा किंवा ओरखडा कसलाही असो, आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. त्यावर हळद, चुना, तिखट काही लावू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीज फक्त कुत्र्यापासून होत नाही, मांजरीपासूनही होतो. रक्त न येता नुसतं ओरखडलं असेल तर लस, रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, हे त्याचं सूत्र. त्वचेत देण्याच्या लशीच्या तारखा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशीच्या. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. आपली मांजर घरातलीच आहे, तिला लस दिलेली आहे, ही माहिती डॉक्टरांना जरूर सांगा. मात्र इंजेक्शन घ्यायचं की नाही हा निर्णय त्यांच्यावर सोडा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, तेही आठवून जा.

टाके निघाल्यावर

टाके निघाले की कॉलर निघते, घर पुन्हा तिचं होतं. आता एकच गोष्ट बदलायची, ती म्हणजे ताटली. अंडाशयं काढल्यावर मांजरीची उष्मांकांची गरज साधारण पाव भागानं कमी होते आणि भूक मात्र वाढते. ‘ऑपरेशन केलं आणि मांजर फुगली’ ही तक्रार त्यातूनच येते. खाणं मोजून द्या, महिन्यातून एकदा वजन करा. आपण तिला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची.

मोबदल्यात तिला मिळतं ते बरंच आहे. दर काही महिन्यांची बाळंतपणं संपतात. गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो. आणि स्तनाचा कर्करोग, जो मांजरीत बहुतेक वेळा पसरणाराच असतो, त्याचा धोका ऑपरेशन वयाच्या पहिल्या वर्षाच्या आत झालं असेल तर फारच खाली येतो. पुढं कधी ती माजावर आल्यासारखी ओरडू-लोळू लागली, तर अंडाशयाचा एखादा तुकडा राहिला असण्याची शक्यता असते. पशुवैद्यकाला कळवा.

तोवर घरातल्या औषधांच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवून ठेवा : ‘यातलं काहीही मनीला नाही.’ आजी-आजोबांना, मुलांना आणि रात्री मांजर सांभाळायला येणाऱ्या शेजारणीलाही ती वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात. खाली पशुवैद्यकाचा फोन नंबर लिहा.